सटवाजीच्या ताटातल्या पाच गोळ्या

मी गोळ्यांची अर्धी स्ट्रिप बोलतेय. नाव विचारू नका, ते कात्रीनं गेलं.

जन्मले तेव्हा मी पुरती दहा गोळ्यांची होते. पाठीवर चंदेरी कागद, वरच्या टोकाला नाव, नावाखाली मुदतीची तारीख. कारखान्यातून परभणीला आले आणि तिथून वालूरला, योगीराजच्या औषधांच्या दुकानात. फळीवर बसले तेव्हा वाटलं, आता आपण कुणाला तरी बरं करणार. प्रत्येक औषधाला तरुणपणी असंच वाटतं.

एका सकाळी माहेरपणाला आलेली पिंगळीची एक बाई पाच गोळ्या मागायला आली. योगीराजनं कचकन मला मधोमध कापलं आणि वरचा तुकडा तिला दिला. माझं नाव आणि माझी मुदत पिंगळीला गेली. मागं उरल्या पाच पांढऱ्या गोळ्या आणि कोरी पाठ.

दुपारी परमेश्वर आला. हा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. त्याच्या वडिलांना, सटवाजीला, साखरेचा आजार निघाला होता. रक्तातली साखर खाली आणणं हे माझं काम. पंचवीस दिवसांसाठी त्यानं दोन अख्ख्या स्ट्रिपा घेतल्या आणि भर म्हणून मी.

त्यांच्या घरी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आम्हाला जागा मिळाली. तिथं आधीच बरीच मंडळी होती. घट्ट होऊन बसलेलं खोकल्याचं औषध, डोळ्यात घालायचे थेंब, कुठल्याशा तापाच्या तीन गोळ्या. ‘पुन्हा लागतील’ म्हणून सगळ्यांना ठेवलेलं. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना.

सटवाजीनं पहिल्या स्ट्रिपेतल्या चार गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी छातीत कळ आली आणि बाजेवर बसल्या बसल्या तो गेला.

तेराव्यानंतर त्याची धोतरं वाटली गेली, काठी गेली. चष्मासुद्धा एका पाहुण्यानं डोळ्याला लावून पाहिला आणि “बरं दिसायलंय की” म्हणून नेला. आमचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

आता या घरची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सटवाजीची बायको बायनाबाई लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या ताटात जेवत आली. तो उठला की त्याच्याच ताटात बसायचं, त्यानं टाकलेलं आधी संपवायचं आणि मग आपलं वाढून घ्यायचं. सटवाजी जायच्या दीड महिना आधी परमेश्वरचं लग्न झालं, तेव्हा तिनं नव्या सुनेलाही हेच शिकवलं. सून राजनंदिनी बोलायची कमी. परमेश्वरला भेंडी आवडत नाही, म्हणून राजनंदिनीच्या वाट्याला कायम भेंडी. त्याला आवडणाऱ्या भाजीची चव तिला अजून कळलेली नव्हती.

सटवाजी गेल्यावर बायनाबाईला घेरी यायला लागली. सकाळी नऊच्या सुमाराला हात कापायचे, कपाळावर दरदरून घाम. “दुःखानं हाय,” असं शेजारच्या तानुबाई म्हणाल्या. राजनंदिनी गुळाचा चहा द्यायची, तो पोटात गेला की सासू सावरायची. “पोरीच्या हाताला गुण हाय,” तानुबाई म्हणायच्या. गुण गुळाचा होता. डब्यात बसून मला ते कळत होतं, पण औषधाला तोंड नसतं.

एका मंगळवारी घर झाडताना बाजेखालून राजनंदिनीला दोन रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या. मेलेला माणूस गोळ्या खात नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं डबा उघडला. माझ्यातलीही एक गोळी गेलेली होती.

“आत्याबाई, मामांच्या गोळ्या कोण खायलंय?”

बायनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “मी खायले. कामून?”

“आवो, साखरेच्या गोळ्या हायत त्या! तुमाला कुठं साखर हाय?”

“मंग त लय चांगलं. ज्याला दुखणं न्हाई त्याला दवा काय करती?”

“त्यानंच तुमाला घेरी यायली, आत्याबाई.”

तेव्हा बायनाबाईनं सूप खाली ठेवलं. “हे बघ माय, चाळीस वरसं त्याईच्या ताटात जेवले. त्याईनी टाकलेलं शीतसुदिक मी उकिरड्यावर फेकलं न्हाई. जाताना त्याईचं एवढंच उरलं. चार गोळ्या राहिल्यात. संपू दे.”

दुपारी सासूचा डोळा लागल्यावर राजनंदिनीनं मला रुमालात बांधलं आणि दुकानात आणलं. मला वाटलं, सुटले.

योगीराजनं मला उलटसुलट पाहिलं. “वैनी, कापलेली स्ट्रिप आमी वापस घेत नसतो. हिच्यावर त नावबी न्हाई.”

“पैसे नको मला. नुसती ठिवून घ्या.”

“ठिवून काय करू? हार घालू हिला?” तो हसला. “द्या कुठंतर टाकून.”

वाटेत गावची आशा सेविका प्रियांका भेटली. राजनंदिनीनं तिला विचारलं. प्रियांकानं ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं घडाघडा सांगितलं, “नालीत टाकू नका, पाणी खराब होतंय. उकिरड्यावर टाकू नका, शेळ्या खातेत. जाळू नका, धूर वाईट राहतो.”

“मंग कुठं टाकू, ताई?”

प्रियांकानं पिशवी खांद्यावर चढवली. “ते पुढच्या ट्रेनिंगमधी सांगणार हायत.”

मला रुमालात घेऊन राजनंदिनी घरी आली, तर बायनाबाई सगळा डबा जमिनीवर ओतून बसलेली. परमेश्वरही कामावरून आलेला. “त्याईचं तेवढं कुठं गेलं? तेवढंबी ठिवलं न्हाई का मला?” म्हातारी लहान पोरीसारखी रडत होती. सटवाजी गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

परमेश्वर बायकोकडं वळला. “तू नेलीस का?”

“आवो, आत्याबाईला बाधायलंय ते. साखर खाली जाती...”

“तू काय डाक्टर हायस का? दवाच हाय, जहर न्हाई. चार गोळ्यांनी काय होतंय? तिचं समाधान होऊ दे. दे इकडं.”

रुमालाची गाठ सोडायला राजनंदिनीला फार वेळ लागला. पण तिनं ती सोडली. मी तिला दोष देत नाही. घरात येऊन जिला धड तीन महिने झाले नव्हते, तिनं दोघांच्या पुढं केलेल्या हातांसमोर मूठ कितीशी झाकून धरावी?

बुधवारी एक गोळी गेली. राजनंदिनीनं चहात दुप्पट गूळ घातला आणि समोर बसून पाजला. गुरुवारी तसंच. शुक्रवारी शिराही केला. परमेश्वर म्हणाला, “आज कामून शिरा?” ती म्हणाली, “आसंच.” तिनं हिशोब सोपा केला होता. मी साखर खाली ओढणार, ती वर ढकलणार. एकच दिवस राहिला होता.

तो दिवस शनिवार निघाला. पोखर्णीच्या नरसिंहाचा शनिवार बायनाबाई कडक धरायची, दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही; दुखवट्यात महिनाभर सुटलेला, तो तिनं आजपासून पुन्हा धरला होता. पण गोळीपुरता एक घोट चालतो. औषधानं उपास मोडत नाही म्हणे. गुळानं मोडतो.

“आत्याबाई, आज गोळी ऱ्हाऊ द्या. उद्या घ्या.”

“शेवटची हाय. त्याईचं ताट आज पुसून होईल,” बायनाबाई म्हणाली, आणि अंगठ्यानं माझी शेवटची खोली फोडली.

“मंग घोटभर चहा तरी.”

“उपास मोडू का तुझ्या चहासाठी?”

ती देवासमोर आडवी झाली. ‘उपासाची ग्लानी हाय, पडू दे,’ असं परमेश्वर म्हणाला आणि सेलूला गेला. राजनंदिनी दारातून तीनदा पाहून गेली. चौथ्यांदा हाक मारली तर ओ आली नाही. ओठांना गूळ लावला, तो तसाच गालावरून ओघळला.

गाडी मिळायला वेळ गेला. आधी सेलू, तिथून परमेश्वर सोबत आला, मग परभणी. डॉक्टरांनी विचारलं, “यांना काही गोळ्या चालू आहेत का?”

“न्हाई,” परमेश्वर म्हणाला. “आईला एकबी गोळी न्हाई.”

भिंतीपाशी उभ्या राजनंदिनीनं मूठ उघडली आणि मला पुढं केलं. डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. “कशाची आहे ही? नाव कुठंय?”

“साखरेची,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं.

सलाईनमधून साखर गेली. डॉक्टर म्हणाले, “साखर फार वेळ खाली राहिली. जीव वाचेल, पण मेंदूचं सांगता येत नाही.”

जीव वाचला. बायनाबाई आता सटवाजीच्याच बाजेवर असते. कुणाला ओळखत नाही. जेवणाच्या वेळेला तेवढी दाराकडं बघते, कुणीतरी जेवून उठायची वाट पाहिल्यासारखी.

मी पुन्हा डब्यात आहे. डॉक्टरांनी मला परत दिलं आणि राजनंदिनीला मला कुठं टाकावं ते अजून कळलेलं नाही. परभणीहून बायनाबाईच्या औषधांची मोठी पिशवी आली, तेव्हापासून झाकण नीट बसत नाही. परवा परमेश्वरला ताप येऊन गेला. पाच दिवसांच्या गोळ्या, दोन दिवसांत बरा. “ऱ्हाऊ दे डब्यात,” तो म्हणाला, “पुन्हा लागतील.”

राजनंदिनीनं त्या माझ्याशेजारी ठेवल्या. मग ती त्याच्या ताटावर बसली. ताटात भेंडी होती.

तुम्ही हे वाचताय, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. मागणं एकच आहे. आम्ही कुणाचं राहिलेलं काम नाही, आम्हाला कुणी पुरं करू नका. आम्हाला कुठं टाकायचं, ते मात्र मला विचारू नका. मी सगळीकडं जाऊन आले.