पाठोपाठचा बार

खऱ्या हंसांना भुलवायला आणलेल्यांपैकी शेवटचा प्लास्टिकचा हंस व्हर्लिनने धसकटात रोवला, त्याचं तोंड मुद्दाम इतरांच्या उलट दिशेला फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांवर आपला काळा चष्मा चढवला.

"हा कोण?" आडोशातून म्हाताऱ्याने विचारलं.

"पाद्रीबुवा. सगळ्यांकडे पाठ करून प्रवचन देतायत."

"येड्या, अशाने एक पक्षी उतरायचा नाही."

पण तोइवो हसला होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सासऱ्याला पहाटे पहाटे हसवणं म्हणजे काय खायचं काम नाही. व्हर्लिनची छाती उगाच फुगली.

खरा मोसम महिन्यावर होता. तेव्हा उत्तरेकडचे पाहुणे हंस येतात. सप्टेंबरातली ही जादा शिकार फक्त गावात ठाण मांडून बसलेल्यांसाठी. हंस कसले, गुंडच ते! गोल्फच्या तळ्यावर झोपायचं, शाळेच्या मैदानावर घाण करायची, बँकेच्या दारात बायकांवर फिस्कारायचं. गावाच्या हद्दीत बंदूक चालत नाही, हे त्यांना पाठ झालेलं. फक्त सकाळी पोट भरायला म्हणून पाण्याच्या टाकीपलीकडे, कापलेल्या गव्हात यायचे. तेवढीच काय ती संधी.

व्हर्लिनचं लक्ष मात्र आज हंसांवर नव्हतं. काल रात्रीच्या जेवणात बायकोने, मार्लिसने, त्याला दम भरला होता.

"उद्या तू आधी गोळी झाडायची नाहीस, नंतरही नाही. बाबांना एकट्यांना मारू दे. काही पडलं नाही, तर येताना त्यांची बंदूक आपल्या गाडीत. कळलं?"

"अगं, दर वर्षी पडतात त्यांचे."

"व्हर्लिन. तोंडाकडे बघ माझ्या."

त्याने बटाट्याकडे बघितलं. कारण दर वर्षी पडत होते ते कुणाचे, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तीन वर्षं म्हाताऱ्याच्या बाराला चिकटून तो आपला बार काढायचा. पक्षी पडला की ओरडायचा, "बाबा, काय मारलाय! माझा तर हुकला!" आयुष्यात त्याने खूप खोड्या केल्या होत्या, पण इतकी बेमालूम एकही नाही.

फटफटलं. तोइवोने थर्मासचं झाकण लावलं, वेलदोड्याच्या पावाचे कण मिशीवरून झटकले आणि गळ्यातली, हंसांना साद घालायची पिपाणी तोंडाला लावली. टाकीच्या बाजूने उत्तर आलं. मग सात हंस दिसले. एक चक्कर मारली, पंख ताठ धरले, पाय खाली सोडले.

"आत्ता!" व्हर्लिन कुजबुजला.

म्हातारा उठला. बार झाला.

व्हर्लिनचं बोट घोड्यावरच राहिलं. सातही हंस शिव्या देत गावाकडे निघून गेले.

तोइवोने बंदूक खाली केली. त्याने हंसांकडे बघितलं नाही, जावयाकडे मान वळवली.

"मार्लिसने सांगितलं वाटतं."

"काय... काय सांगितलं?"

"तीन वर्षं माझ्या पाठोपाठ तुझा बार होतो जावईबापू. आज झाला नाही. कान शाबूत आहेत माझे."

व्हर्लिनने टोपी काढली, परत घातली.

"मग बोलला का नाहीत एवढे दिवस?"

"तुला मजा येत होती."

"आयला बाबा..."

"आणि मी मारत कुठे होतो, ते बघितलंस कधी? जिथे पक्षी नाही तिथे. नाहीतर अर्धवट छर्रे लागायचे एखाद्याला, कुठल्या तरी लव्हाळ्यात तडफडत मरायचा. आपल्याला नको ते पाप." त्याने अंगठा डोळ्यांसमोर आडवा धरला. "बरोब्बर मध्ये डाग आहे. बाजूचं सगळं दिसतं. जिथे बघेन तिथे मात्र डाग. हंस असो, नाहीतर मार्लिसचं तोंड."

एरवी व्हर्लिनला मयतीतसुद्धा विनोद सुचायचा. आत्ता तो बुटांवरची धसकटं झटकत राहिला.

तोइवोने बंदूक उघडली. रिकामं नळकांडं खिशात टाकलं, उरलेलं काडतूस काढून जावयाच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं स्वतः मिटली.

"बाबा, मी मार्लिसला सांगतो की तुमचे दोन पडले. मी मारलेलेच साफ करून घरी नेले तर कुणाला काय—"

"गप. पिपाणीला डोळे लागत नाहीत. बस खाली. आणि पाद्रीबुवांना सरळ कर आधी."

व्हर्लिन वाकून गेला, हंस सरळ केला, वाकून परत आला. बाहीने नाक पुसलं. तोवर म्हाताऱ्याने सुरुवात केली होती. आधी लांबून, ऐटीत. मग लाडात, जवळ बोलावल्यासारखं. मग गालातल्या गालात, गव्हाचे दाणे टिपता टिपता बोलावं तसं. एवढं गोड त्याने गेल्या दहा वर्षांत वाजवलं नव्हतं. आकाशात काही नव्हतं, आणि मग होतं. नऊ पक्षी एकही चक्कर न मारता थेट डोक्यावर, इतक्या जवळ की पंखांचा वारा लागला.

व्हर्लिन उठला. एक बार. दोन. तीन.

नऊ हंस सावकाश टाकीकडे निघून गेले. त्यांना तर घाईसुद्धा नव्हती.

तोइवो कान देऊन बसला होता. धसकटात काही आपटल्याचा आवाज येतो का, याची वाट बघत.

"किती?"

व्हर्लिनने ओले डोळे चोळले. "एकही नाही."

"डोक्यावर होते ना रे?"

"हो."

"तीन बार?"

"हो, बाबा."

चेहऱ्यावरची एक रेष न हलवता म्हाताऱ्याने हात पुढे केला.

"आण इकडे तुझी ती बंदूक."