ओल्या टॉवेलाचं वजन

कृष्णरावांच्या घरातली वॉशिंग मशीन सुरू करायची तर आधी खिळ्यावरची पक्कड काढावी लागे. धुण्याच्या बाजूचं बटण केव्हाच तुटलेलं. उरलेल्या दांडीला पक्कड लावायची, अर्धा आटा उलट, मग सुलट, आणि हात चटकन काढून घ्यायचा. शेजारी ड्रायर. त्याचं झाकण तळहाताने दाबून धरायचं आणि आतलं टोपलं घुमायला लागलं की हळूच सोडायचं. प्रांजलीने हे सगळं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. पुरणपोळी तिला अजून जमत नव्हती, पण मशीन जमत होती, आणि सासऱ्यांच्या लेखी तेवढ्यावर ती पास होती.

कृष्णराव स्टील प्लांटमधून सीनियर फिटर म्हणून रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली. मशीन त्याहून जुनी. मुलगा धनंजय दुसरीत होता तेव्हा आणलेली. तो आता त्याच प्लांटमध्ये नोकरीला होता आणि रुआबांधा वस्तीतलं कंपनीचं हे क्वार्टर त्याच्या नावावर होतं. मशीनचा बेल्ट तीनदा बदलला, ब्रेकची तार दोनदा, खालचा गंजलेला पत्रा एकदा. प्रत्येक दुरुस्तीची तारीख कृष्णरावांनी एका लांबट वहीत लिहून ठेवली होती. तिला ते लॉगबुक म्हणत. पकडीच्या शेजारच्या खिळ्यावर ती सुतळीने टांगलेली असे.

ऑगस्टच्या सुरुवातीला घरात लंगोटांचा प्रश्न उभा राहिला.

प्रांजलीची मुलगी सात महिन्यांची होती. शेजारच्या रुक्माबाईने बाराव्या दिवशी तिला पाळण्यात पाहिलं आणि छत्तीसगढीत पोरीला म्हणतात तसं "कइसे नोनी?" असं विचारलं, तेव्हापासून ती नोनीच झाली. डायपर लावला की नोनीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठे. म्हणून दिवसाला वीस-बावीस लंगोट, वर झबली, दुपटी. बाहेर आठ-आठ दिवस ऊन नाही. स्वयंपाकघरात दोरी, बैठकीत दोरी, आणि चहा पिताना कपाळावर टेकणारा एखादा गार लंगोट. प्रांजली ओलसर लंगोटांवर इस्त्री फिरवी. मग ते कोमट लंगोट गालाला लावून बघताना तिला उगीचच बरं वाटे.

"एक तारखेपासून मी सकाळी सातला निघणार," ती एका संध्याकाळी म्हणाली. टाउनशिपच्या एका सेक्टरमधल्या शाळेत ती केमिस्ट्री शिकवायची आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. प्रिन्सिपलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, एक सप्टेंबरला हजर झाली नाहीस तर जागा भरून टाकणार. "मग हे लंगोट कोण करणार?"

"मी हाय ना," सिंधुताई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी उजवं मनगट पदराखाली घेतलं. दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून ते मोडलं होतं. आत पट्टी बसवलेली होती.

"आई, तुम्हाला साधा टॉवेल पिळवत नाही."

"मंग राह्य ना अजून सहा महिने घरी. शाळा का पळून जाऊन राहिली?"

शाळाच पळून चालली होती, पण हे सासूला कसं सांगावं ते प्रांजलीला कळेना. धनंजय मधे पडला. "ऑटोमॅटिक घेऊन टाकू ना. कपडे टाकले, बटण दाबलं, झालं. जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू."

कृष्णरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "देऊन टाकू म्हंजे? काय झालं तिले?"

"काही नाई झालं बाबा. वय झालं तिचं."

"वय तं माहं बी झालं. मले कोणत्या एक्स्चेंजमध्ये देतं?"

"तुमाले कोण घेईन?" सिंधुताई म्हणाल्या, आणि नोनीसकट सगळे हसले. कृष्णराव मात्र हसले नाहीत. ते उठून मागच्या व्हरांड्यात गेले आणि मशीनचं झाकण त्यांनी उगाच उघडून बंद केलं. प्रांजलीने ते पाहिलं. रिटायर झाल्यावर आधी घरातले पंखे, मग मिक्सर, मग स्कूटर, एकेक करून सगळं त्यांच्या हातातून गेलं होतं. नव्या वस्तू उघडताच येत नसत, बिघडल्या की कंपनीचा माणूस येई. हातात राहिली होती ती एवढी एकच.

थोड्या वेळाने ते परत आले. "घेऊ. मी कुठं नाई म्हणतो? पण रीडिंग घेऊन घेऊ. नवी जर जुनीपेक्षा चांगली वाळवते, तं मी स्वतः जुनीले उचलून देतो."

रविवारी सासरा आणि सून ऑटोने पावर हाउसच्या बाजारात मशीन बघायला निघाले. धनंजयची फर्स्ट शिफ्ट होती, नोनी आजीजवळ. कृष्णरावांच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता, त्यात घरचा निळा टॉवेल, आणि खिशात रद्दीवाल्याची चोरी पकडायला घेतलेला स्प्रिंगचा काटा. आदल्या दिवशी त्यांनी टॉवेल कोरडा तोलला होता, चारशे ग्रॅम. भिजवून जुन्या ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवला तेव्हा पाचशे ऐंशी.

"बाबा, दुकानात हसतील आपल्याला."

"हसू दे. प्लांटात बेअरिंग आलं तं बिना मापाचं बसवत होतो का आपण?" त्या 'आपण'मध्ये प्रांजलीही आली होती. तिला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

दुकानातल्या मुलीच्या छातीवर 'सोनल' अशी पाटी होती. तिने आधी समोरून दार असलेली मशीन दाखवली, मग वरून झाकणाची, मग नुसता ड्रायर. एकावर एक चढवलेल्या पांढऱ्या पेट्या, गोल काचेची दारं. प्रांजलीला प्रत्येक काचेआड वाळलेले लंगोट दिसायला लागले.

"ये कपड़ा सुखाता कैसे है?" कृष्णरावांनी ड्रायरवर टकटक केलं.

"गरम हवा से, अंकल. एकदम अलमारी में रखने लायक."

"हीटर कितने का?"

"दो हज़ार वॉट के आसपास."

"और टाइम?"

"डेढ़-दो घंटे, लोड के हिसाब से."

कृष्णरावांनी मनातल्या मनात विजेचा गुणाकार केला आणि भट्टीचं दार उघडं राहिलेलं दिसावं तसा चेहरा करून ते पुढे सरकले. नळाला जोडलेली मशीन दुकानात एकच होती, वरून झाकणाची. त्यांनी डब्यातून टॉवेल काढला.

सोनलने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग काट्याकडे. मग तिने तोंडावर हात ठेवला. "अंकल, चार साल से यहाँ हूँ. लोग आते ही पूछते हैं ईएमआई है क्या. तौलिया लेके कोई नहीं आया."

"तो आज आ गया," कृष्णराव म्हणाले.

टॉवेल भिजला, फिरला, थांबला. आजूबाजूला चार गिऱ्हाइकं गोळा झाली होती. कृष्णरावांनी काटा डोळ्यांसमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला.

"सहाशे नव्वद."

त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही, नुसता प्रांजलीला दाखवला. एकशे दहा ग्रॅम पाणी जास्त. लंगोटांचा हिशेब केला तर वाळायला अख्खी एक रात्र जास्त.

"अंकल, ऊपर वाली थोड़ा धीरे घूमती है," सोनल प्रामाणिकपणे म्हणाली. "पुरानी दो टब वाली का ड्रायर तेज़ ही रहता है, वो तो मैं भी मानती हूँ. सामने वाली तेज़ है, पर बजट भी..." मग टॉवेलची घडी घालता घालता तिने सहज विचारलं, "आपकी पुरानी में कपड़े इधर से उधर कौन डालता है?"

"घर के लोग," कृष्णराव म्हणाले.

परतीच्या ऑटोमध्ये ते खूश होते. डब्यावर बोटांनी ताल धरला होता. "पाह्यलं? पंचवीस वर्षांची हाय, पण अजून..." प्रांजली रस्त्याकडे बघत होती. रीडिंग खरं होतं, आणि खऱ्या रीडिंगशी भांडण करायला तिला कधी आलं नव्हतं. एक तारखेला वीस दिवस उरले होते. घर के लोग, घर के लोग, असं ऑटोच्या आवाजात तिच्या कानाशी वाजत राहिलं.

त्याच रात्री नोनी झोपल्यावर तिने खिळ्यावरची वही काढली, कोरं पान उघडलं आणि पट्टीने चार रकाने आखले. वेळ. काम. मिनिटं. कोण. मोबाइलचं घड्याळ लावायचं, काम झालं की बंद करायचं, लिहायचं. घरात कुणाला काही सांगितलं नाही. नोनी कडेवर असली की अक्षर तिरकं येई, एका ओळीवर तर तिची लाळ पडून शाई पसरली.

सोमवारचं पान असं होतं:

५.५० – बादल्यांनी पाणी भरलं – ९ – प्रांजली
६.१५ – पाणी सोडलं, दुसरं भरलं – ११ – प्रांजली
६.४० – कपडे ड्रायरमध्ये, पाच खेपा – ३१ – प्रांजली
११.१० – लंगोट हाताने पिळले – १२ – आई. मनगट दुखलं, सांगितलं नाही, मी पाहिलं
४.३० – पुन्हा सगळं – ४४ – प्रांजली
४.५० – ड्रायरचं झाकण दाबलं – २ – बाबा

सात दिवस झाले. शेवटी तिने बेरीज केली, बारा तास वीस मिनिटं. खाली काही लिहिलं नाही. वही जागच्या जागी टांगली.

मंगळवारी सकाळी कृष्णराव मशीनला तेल द्यायला व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. प्रांजलीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. एका हातात तेलाची बुधली आणि दुसऱ्या हातात वही घेऊन ते उभे होते. एक पान उलटलं. परत मागे आले. लाळेच्या डागावर बोट ठेवलं.

जेवताना ते नुसता भात कालवत बसले. सिंधुताईंनी विचारलं, "मीठ कमी हाय का?"

"नाई." मग सुनेकडे न बघता, "हे रीडिंग बरोबर हाय?"

"घड्याळ लावून घेतलंय बाबा."

"सात दिवसांत माहं नाव दोनदा."

"हो."

"दोन अन् दोन, चार मिनिटं."

प्रांजलीचा घास हातातच राहिला. आपण जास्त बोललो का, असं तिला वाटून गेलं. खरं तर ती एक शब्दही बोलली नव्हती.

"कायची वही, कायचं रीडिंग?" सिंधुताईंना काही समजेना.

"तुह्या मनगटाचं," कृष्णराव म्हणाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "प्लांटात नवी मशीन यायची तं साहेब पहिले विचारत, इच्यावर माणसं किती लागतीन? टॉवेल तोलला मी. माणूस तोललाच नाई. घरातला हाय म्हणून मोजलाच नाई मी त्याले." ते उठले, हात धुतले आणि दारातूनच म्हणाले, "धनंजयले सांग, संध्याकाळी पावर हाउसले जाऊ. त्या पोरीजवळूनच घ्यायची. तिनं खरं सांगितलं होतं."

"आणि जुनी?" प्रांजलीने विचारलं.

"एक्स्चेंज नाई." मग आवाज जरा उतरला. "तिची धुवायची बाजू बंद करतो मी. ड्रायर राहीन. नवी धुईन, जुनी वाळवीन. इकडून तिकडं मी टाकीन. एकशे दहा ग्रॅम फुकट कावून सोडायचे?"

"अन् नोनी रडली तं?" सिंधुताई.

"तं नोनीले बी मीच घेईन. तू बसून सांगजो, काय चुकून राहिलं ते. ते तं तुले येतेच."

वरून झाकणाची मशीन तीन दिवसांनी आली आणि न्हाणीत बसली. कृष्णरावांनी तिचं पुस्तक दोनदा वाचलं, हिंदीतून आणि इंग्रजीतून. जुन्या मशीनची पक्कड त्यांनी काढून ठेवली नाही, तिथेच टांगली. लागत नव्हती आता, पण खिळा रिकामा बरा दिसत नाही म्हणाले.

एक सप्टेंबरला प्रांजली साडेपाचलाच तयार झाली आणि मग तासभर घरातून निघेचना. दूध कुठे आहे ते सांगितलं. झबली कुठे आहेत ते सांगितलं. डावीकडच्या गठ्ठ्यातले लंगोट आधी वापरा, असं तिसऱ्यांदा सांगितलं. पहाटे धुतलेले लंगोट जुन्या ड्रायरमध्ये टाकून झाले होते आणि दुसऱ्या खेपेसाठी नवी मशीन न्हाणीत आपली आपण पाणी घेत होती. कृष्णराव व्हरांड्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. घरात कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही.

"आणि बाबा, ती रडली आणि थांबलीच नाही तर..."

"पोरी," त्यांनी तिला थांबवलं. "प्लांटात कायदा काय होता माहीत हाय? रिलीवर, म्हंजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय आपली जागा सोडायची नाई. मंग तो दोन घंटे लेट होवो. पण रिलीवर आला, त्यानं वहीत सही केली, की मंग उभं बी राह्याचं नाई. मंग जबाबदारी त्याची."

त्यांनी खिळ्यावरची वही काढली, भिंतीला टेकवून लिहिलं, सही केली आणि तिच्यासमोर धरली. मग नोनीला तिच्या कडेवरून उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. नोनीने शर्टाची कडक कॉलर लगेच तोंडात घातली.

प्रांजलीने वाचलं.

१ सप्टेंबर. ६.५० – चार्ज घेतला. नवी मशीन चालू. जुना ड्रायर तयार. नोनी एक, तब्येत ठीक. चार्ज परत – २.००. उशीर झाला तरी जागा सोडणार नाही.

तिने खाली आपली सही केली. अक्षर पुन्हा तिरकं आलं, या वेळी कडेवर कुणी नव्हतं तरी. स्कूटर गेटबाहेर काढताना मागून तो ओळखीचा आवाज आला, आधी खडखड आणि मग घुमत जाणारा. तिने वळून पाहिलं. एका खांद्यावर नोनी, दुसऱ्या हाताचा तळवा ड्रायरच्या झाकणावर दाबलेला. कृष्णरावांनी मान हलवूनच खूण केली, जा.