बयाबाईंच्या अंगणातले अकरा मजले

कोल्हापुरात त्या काळी चार मजल्यांच्या वर काही बांधायचं म्हटलं, की लोक आधी हसत, मग मान वर करून रिकाम्या आकाशाकडे बघत आणि शेवटी विचारत, "पाणी वर चढणार कसं?" एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीत शाहूपुरीतल्या एका मोकळ्या जागेसाठी मी अकरा मजल्यांचे नकाशे मंजुरीला दाखल केले, तेव्हा हा प्रश्न मला न्हाव्यापासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांनी विचारला, आणि प्रत्येकाला मी तितक्याच उत्साहाने पंप, नळ आणि गच्चीवरची टाकी समजावून सांगितली. खाली दोन मजले दुकानं, त्यांवर तीन मजले कचेऱ्या आणि त्यांवर सहा मजले राहती घरं. वीस वर्षं मी लोकांच्या माड्या वाढवून दिल्या होत्या, मंगल कार्यालयांचे जिने काढले होते, एका सिनेमागृहाची मुतारी सुधारली होती. आता 'वसंत सरनोबत, आर्किटेक्ट' ही पाटी अशा इमारतीवर लागणार होती, की जी पन्हाळ्यावरूनही दिसली असती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला आणखी काय हवं असतं?

जागा हंबीररावांची. गुळाच्या व्यापारात नाव काढलेला, तोंडाने फटकळ आणि मनाने दिलदार असा हा गडी. त्यांनी तिथलं जुनं गोदाम पाडलं होतं आणि आता त्यांना शहराच्या मधोमध काहीतरी 'दणक्यात' उभं करायचं होतं. नकाशातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. सात मजल्यांवर भागवा, असं महापालिकेच्या मंजुरी समितीतल्या कुणीतरी सुचवलं, तेव्हा ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "अकरा म्हंजे अकरा! सात मजलं काय चाटायचं हायत व्हय? त्यापरास मी गोदामच बांधतो की परत." मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

हरकतींसाठी महिन्याची मुदत होती आणि त्या महिन्यात एकच हरकत आली. जागेच्या पूर्वेला एक बोळ आहे आणि त्या बोळापलीकडे बयाबाई राहायच्या. साठीच्या आसपासच्या, एकट्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची पोत्यांनी घ्यायच्या, अंगणात वाळवायच्या, कुटून कांदा-लसूण चटणी करायच्या आणि त्या चटणीवर त्यांचं वर्ष निघायचं. कुणाकडून तरी लिहून घेतलेला त्यांचा अर्ज असा होता: नव्या इमारतीची सावली रोज साडेचार वाजल्यापासून आमच्या अंगणात पडते, त्यामुळे मिरची वाळत नाही, तरी इमारत थोडी बाजूला घ्यावी.

नव्या इमारतीच्या जागी तेव्हा चुन्याच्या चार रेषा होत्या आणि त्यांत एक गाढव चरत होतं. अर्ज वाचून कचेरी आठवडाभर हसत होती. पण समितीचे अध्यक्ष गणपतराव हे नियमाचे माणूस. हरकत कितीही वेडगळ असो, तिची सुनावणी होणार आणि ती टिकली तर चार मजल्यांच्या वर परवानगी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझे अकरा मजले मिरचीच्या एका ढिगावर अडकले होते. म्हातारीला गोड बोलून अर्ज मागे घ्यायला लावावा, म्हणून मी एका दुपारी बोळ ओलांडून त्यांच्या दारात गेलो.

"या की पावणं," बयाबाई म्हणाल्या. मी कोण ते सांगितलं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. "तुमीच बांधलासा व्हय त्यो इमला? लय उच्च केलासा बगा."

"अजून बांधला नाही, बयाबाई. बांधायचा आहे."

"आसंल. पर सावली तर पडतीया की."

मी मिरच्यांकडे पाहिलं. अंगणभर लालभडक पसरलेल्या, हातात घेतल्या तर बिया खुळखुळणाऱ्या. मधोमध मात्र एक रुंद पट्टा होता, त्यातल्या मिरच्या काळपट, मऊ आणि दमट. कुणीतरी दोरी धरून आखावा इतका तो पट्टा सरळ होता. पाणी सांडलं असेल, असं मी म्हणालो. बयाबाईंनी चहा आणला. मी चहा संपवला आणि घड्याळात पाहिलं, तर साडेचार व्हायला आले होते.

मग ती आली. पश्चिमेकडच्या भिंतीवरून उतरून, मिरच्यांवरून, सावकाश. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि बोळापलीकडे, जिथून ती यायला हवी होती, तिथे नुसतं आभाळच होतं. अंगणातली सावली मात्र चांगली गडद होती. तिची कड मी बोटाने चाचपून पाहिली. उन्हातली मिरची गरम होती, बोटभर अंतरावरची थंड.

भीती वाटायला हवी होती, हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर मला वाटला तो आनंद. फेब्रुवारी अखेरीच्या उन्हात माझ्या इमारतीची सावली कुठवर जाईल, हे मी स्वतःपुरतं एका कागदावर मांडून पाहिलं होतं, आणि तिचं टोक बरोबर या अंगणात पडत होतं. तो कागद मी मुद्दामच फायलीला जोडला नव्हता, तो माझ्या कपाटात कुलपात होता. शिवाय सावलीच्या टोकाला उत्तरेकडे एक चौकोनी उंचवटा होता. ती पाण्याची टाकी. दाखल केलेल्या नकाशात टाकी दक्षिणेला होती, उत्तरेला हलवावी असं मला आदल्याच दिवशी सकाळी सुचलं होतं आणि ते मी अजून हंबीररावांनाही बोललो नव्हतो. माझ्या इमारतीचा माथा मला जमिनीवर आडवा पडलेला दिसत होता, अगदी पुरा, कठड्यासकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. "चार वाजले की तुमचं लक्ष घड्याळाकडे," माझी बायको पद्मजा म्हणाली, "शाहूपुरीत कुणी ठेवली आहे का?" मी हसण्यावारी नेलं. सकाळी मी नकाशात काही बदलावं आणि संध्याकाळी ते अंगणात पाहावं, असा नाद लागला. कठडा हातभर वाढवला, तर सावली हातभर वाढली. गच्चीवर झेंड्याची काठी काढली आणि ती सावलीत फारच शिष्ट दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी खोडून टाकली, तर सावलीतूनही गेली. जगातल्या कुठल्या आर्किटेक्टला असं भाग्य लाभलं असेल? बयाबाई बाजूला बसून मिरच्यांचे देठ खुडायच्या. कधीतरी म्हणायच्या, "साहेब, जरा अंग चोराया सांगा की तिला. माजी निम्मी मिरची बुरसायला लागलीया." मी हो म्हणायचो. पण अंग चोरायचं म्हणजे मजले कमी करायचे, आणि ते माझ्याने होणार नव्हतं. सावली बघत बसलेला माणूस मिरचीकडे बघत नाही.

सुनावणी मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला झाली. सभागृह भरलं होतं. हंबीररावांचे लोक दाराबाहेर हलगी घेऊनच उभे होते, इतकी त्यांना खात्री. मी दीड तास बोललो आणि माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो. पाण्याचं बोललो, आगीचं बोललो, जमिनीखालच्या खडकाचं बोललो, या शहराने मान खाली घालून किती दिवस राहायचं असं विचारलं, तेव्हा समितीतल्या विरोधातल्या दोघा सदस्यांनीही बाक वाजवले. मग गणपतरावांनी बयाबाईंचं नाव पुकारलं.

त्या उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "मी काय जास्ती बोलत न्हाय. सावली पडतीया. साहेबबी रोज येत्यात की बगाया. त्यास्नीच इचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हंबीररावांच्या कपाळावर आठी चढली. गणपतरावांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "सरनोबत, तुम्ही तिथे सावली पाहिली आहे?"

बयाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. मी खरं सांगेन, एवढीच त्यांची खात्री होती. आणि मी हसलो. "मी चहा प्यायला जातो, अध्यक्षमहाराज," मी म्हणालो. "बाईंच्या हातचा चहा फार छान असतो. न बांधलेल्या इमारतीची सावली बघण्याइतकी नजर मात्र माझी अजून तयार झालेली नाही." सभागृह असं काही हसलं, की खिडकीवरची कबुतरं उडाली. बयाबाई तेवढ्या हसल्या नाहीत, खाली बसल्या.

"उद्याचं काय? बांधल्यावर पडली तर?" गणपतराव म्हणाले. "लिहून द्याल?"

मी तिथल्या तिथे लिहून दिलं. या इमारतीची सावली सदर अंगणात पडत नाही आणि कधीही पडणार नाही, याची हमी मी स्वतः देत आहे. कपाटातला कागद मला आठवत होता. तरी इतकी झोकदार सही मी पूर्वी कधी केली नव्हती. हरकत फेटाळली गेली. अकराच्या अकरा मजले मंजूर झाले.

त्यानंतर जे झालं ते शाहूपुरी अजून सांगत असेल. हलगी कडाडली, गुलाल उधळला, हंबीररावांनी मला भर रस्त्यात खांद्यावर घेतलं. "सरनोबत, जितलासा! आख्खं कोल्हापूर जितलासा!" ते ओरडत होते आणि त्यांच्या गालावरच्या गुलालातून पाणी वाहत होतं. माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला. ज्या न्हाव्याने पाण्याचं विचारलं होतं, तो मला हार घालून गेला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगती दुपारभर चालल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला, हातात नकाशांची गुंडाळी आणि तोंडभर हसू. पद्मजाने तो कापून आरशाच्या चौकटीत लावला. मी तृप्त होतो, हे मला लपवायचं नाही. माझ्या हयातीतला तो सगळ्यात सुंदर दिवस होता.

त्या दुसऱ्या दिवशीच चार वाजता मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि निघालो. बयाबाईंसाठी पेढे हे निमित्त, मला जायचं होतं ते सावलीसाठी. मंजूर झाल्यावर ती कशी दिसते, ते मला पाहायचं होतं. म्हातारी दोन शिव्या देईल, त्याही ऐकून घ्यायची माझी तयारी होती. मोकळ्या जागेवर हंबीररावांनी त्याच दिवशी कुदळ मारली होती आणि मजुरांचा गलका बोळापर्यंत ऐकू येत होता.

बयाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्या लगबगीने पुढे आल्या, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "माज्या मनात तुमच्याबद्दल वाकडं आलतं, साहेब. चुकलं माजं. तुमी लिवून दिलासा, आन् गेली बगा सावली."

"गेली?"

"कालपासनंच न्हाय. बगा की, सगळी मिरची एका रंगाला आली."

अंगणभर लाल, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल. मधल्या पट्ट्यात मी हात घातला, तर मिरच्या खुळखुळल्या. साडेचार वाजले. मग पावणेपाच. पश्चिमेच्या भिंतीवरून ऊन सरळ आत येत होतं आणि त्याला कुठेच अडथळा नव्हता. घड्याळ कानाला लावलं, चालू होतं. बोळापलीकडे कुदळींचे घाव पडत होते आणि हंबीरराव कुणाला तरी हसून काही सांगत होते. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण काय सांगायचं ते सुचेना. आदल्या दिवशी सभागृहात जिला मी एका हशाबरोबर उडवून लावलं, ती आता एकदा, बोटभर का होईना, दिसावी म्हणून मी त्या म्हातारीच्या अंगणात मनातल्या मनात गयावया करत उभा होतो.

"बयाबाई, तुमची निम्मी मिरची मी भरून देतो," मी म्हणालो. "तुम्ही फक्त गणपतरावांकडे चला. मी खोटं बोललो होतो. ते मी त्यांना सांगतो."

"आता कशापायी? माजी काय बी तक्रार न्हाय," त्या म्हणाल्या आणि सुपात मिरच्या भरू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान होतं.

पाच वाजले. ऊन तिरपं होऊन माझ्या पाठीवर आलं होतं. आपण मिरचीच्या उन्हात उभे आहोत, हे माझ्या लक्षात आलं आणि तिच्यावर माझी सावली नको म्हणून मी संकोचून दोन पावलं बाजूला झालो.

"ऱ्हावा की तितंच, साहेब," बयाबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमचीबी कुठं पडतीया?"