विसावलेल्या माणसांची भिंत

नगरपालिकेतल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याचं काम एकतीस वर्षं एकच. सार्वजनिक भिंतीवर कुणी काही काढलं की त्यावर राखाडी रंग मारायचा. आज मारायचा, परवा पुन्हा तिथंच मारायचा. अशा कामानं माणूस अंगापेक्षा मनानं जास्त दमतो.

गेल्या तीन महिन्यांत मात्र नवंच सुरू झालं होतं. कोण, कुठला, देव जाणे. पण कुणीतरी कोळसा, विटेचा तुकडा आणि चुना एवढ्या घरगुती सामानावर भिंतींवर माणसं काढत होतं. सगळी बसलेली. चपला काढून पाय चोळणारी नर्स. हातगाडीला डोकं टेकलेला हमाल. मांडीवरचं पोर सांभाळत स्वतःच पेंगणारी आई. खाली नाव नाही की सही नाही. बघणाऱ्याला वाटावं, बसू द्या बिचाऱ्यांना. त्यांच्यावर ब्रश फिरवताना रंगारी मनातल्या मनात माफी मागायचा.

एके दिवशी मुकादमानं त्याला दवाखान्याच्या भिंतीपाशी, त्या नर्सच्या चित्रासमोर नेलं. “काका, बाकीचे दोघं रंगारी रंग मारतात तिथं चित्र परत येत नाही. तुम्ही मारता तिथं आठवड्यात नवं. त्या भुरट्या चित्रकाराशी तुमचं साटंलोटं आहे का?”

“साहेब, माझं बायकोशीसुद्धा जमत नाही, तर साटंलोटं कुणाशी करू?”

मुकादमानं भिंतीवरून तळहात फिरवला आणि कपाळाला हात लावला. बाकीचे दोघं रंगाचा एक हात फासून मोकळे होत. हा आधी जुनं खरवडायचा, भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचा, पॉलिशपेपर घासायचा, मग दोन हात द्यायचा. बापानं शिकवलेलं काम, दुसऱ्या तऱ्हेनं येतच नव्हतं.

“अहो, तुम्ही भिंत पुसत नाही, त्याला पाटी तयार करून देता! आता खरवडणं बंद. पाणी घालून एकच हात. इथं पुन्हा चित्र दिसलं तर तुम्ही गटार विभागात. त्या गुडघ्यांनी चेंबरमध्ये उतरा मग.”

रंगाऱ्यानं पाय चोळणाऱ्या नर्सवर पाणचट रंग फासला. भिंतीला गजकर्ण झाल्यासारखं दिसू लागलं. घरी जेवताना त्यानं अर्धं ताट बाजूला सारलं.

“अहो, कोण गेलं?” बायकोनं विचारलं.

“कुणी नाही. वाईट काम करून आलो.”

पंधरा दिवस भिंत कोरी राहिली. मुकादम खूश. रंगाचे पापुद्रे मात्र सुटू लागले आणि टेकून बसणाऱ्या नातेवाइकांच्या पाठीला चिकटू लागले. नवऱ्याची पाठ झटकत एका बाईनं रंगाऱ्याला विचारलं, “दादा, ती नर्स कुठं गेली हो? आमची सासू आत आहे. मी डबा घेऊन आले की त्या नर्सशेजारीच बसायची. दोघी दमलेल्या.”

रंगाऱ्यानं तिच्या नवऱ्याच्या पाठीवरचा उरलेला पापुद्रा काढला आणि तो निघून आला. रात्री बायकोला म्हणाला, “उद्या ती भिंत नीट करतो.”

“आणि गटार विभाग?”

“मिळेल.”

“गुडघ्यांचं काय?”

“गुडघे देवानं दिलेत, तो बघेल. काम माझं आहे.”

बायकोनं ताटं उचलली. “मग नीटच करा. अर्धवट करून येऊन पुन्हा तोंड पाडून बसू नका.”

दुसऱ्या दिवशी त्यानं लोकांना जरा सरकायला सांगितलं. खरवडलं, भरलं, घासलं, दोन हात दिले. संध्याकाळी तळहात फिरवून पाहिला आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

पाचव्या दिवशी सकाळी चित्र आलं. एक म्हातारा फतकल मारून बसलेला, शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली. तिथं ती डबेवाली बाई खरोखरच टेकून बसली होती. रंगाऱ्यानं डोळे भरून पाहिलं आणि कुणी बोलवायच्या आधीच तो कार्यालयात गेला.

“साहेब, दवाखान्यापाशी चित्र आलं. कुठल्या चेंबरवर जाऊ?”

मुकादमानं मान वर केली. त्यालाही वाईटच वाटलं असावं. “बदलीचं बघू नंतर. काका, आधी ते पुसून या.”

“ते आता नव्या रंगाऱ्याला सांगा,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “मी गटार विभागाचा माणूस.”