थंडबाबा आणि तेलाचा ताप

काटा सहावर.

काचेच्या चाचणीखोलीत मेकॅनिक, रंगारी, शेडचे मालक, मालकांच्या सासूबाई. सगळे एकमेकांच्या पायांवर उभे. बाहेर विमानाचं इंजिन घरघरतंय. त्यात शिरणारं तेल आणि बाहेर पडणारं तेल, यांच्या तापमानातला फरक हा काटा दाखवतो. दोन अंश ठीक. सहा म्हणजे आत बेअरिंग घासतंय.

आणि दुपारी हे विमान मी उडवणार होते.

"तेलाला ताप आलाय," मालकांनी खास बोलावलेले थंडबाबा म्हणाले. "पंचमहाभूतांत तेल सहावं! त्याला माया लागते. डबीचं झाकण काढा."

भिंतीवरच्या डबीत इंजिनाकडून आलेल्या तारा मीटरच्या तारांना जोडल्या होत्या. बाबांनी डोळे मिटले. अंगठा आतल्या एका जोडावर टेकवला.

पाच. तीन. शून्य!

टाळ्या! सासूबाई रडल्या. मालक नाचले, तेही माझ्या पायावर. "इंजिन उघडायचं रद्द! पोरी, हेल्मेट घाल!"

"थांब गं," मावशी म्हणाली. माझी सख्खी मावशी, इथली मीटरवाली इंजिनिअर. हातात गरम चहाचा ग्लास. "आधी इंजिन बंद. तेल पूर्ण निवू दे."

निवलं. बाबांचा अंगठा बाहेर. काटा शून्यावर.

मावशीने ग्लासात पुन्हा गरम चहा ओतला आणि तो डबीतल्या दुसऱ्या जोडाला टेकवला.

चार. सात. नऊ!

"अगं बाई," सासूबाई किंचाळल्या, "बंद इंजिनाला ताप!"

"इंजिनाला नाही, डबीला. दोन वेगळ्या धातूंचे जोड कमीजास्त तापले, की इवलीशी वीज तयार होते. मीटर तीच मोजतो. तेलातले जोड मोजायचे, म्हणून डबीतले दोन्ही सारखे गार हवेत. झाकण त्यासाठीच. बाबांनी एक जोड अंगठ्याने तापवला. काटा उतरला, तेल तसंच."

"नास्तिक!" बाबा गरजले.

"बरं. मग भाचीच्या शेजारची सीट तुमची. चला, बसा."

बाबांना तत्क्षणी मौनव्रत आठवलं. चपला मात्र आठवल्या नाहीत, अनवाणीच पळाले.

मालकांनी डबीचं झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाले, "उघडा इंजिन."

उघडलं. तेलात बेअरिंगचा चुरा चमचमत होता. मी खाली बसले आणि का कोण जाणे, हसतच सुटले.

चमत्कार खुशाल बघा, मंडळी. पण काटा हलला, की टाळीआधी विचारा: याला हलवतंय काय? तेल, की अंगठा? उत्तर मिळेपर्यंत मी तरी जमिनीवरच.