दोघेही जिंकले

मेगारा आणि कोरिंथ या दोन नगरांत एका माळावरून लढाई जुंपली. त्या माळावर शेळीसुद्धा उपाशी मरेल, पण शेजाऱ्याचा डोळा पडला की दगडही सोन्याचे होतात. दुपारपर्यंत दोन माणसं पडली. इकडचा एक, तिकडचा एक. मग दोन्ही सैन्यांनी खांबाला शत्रूची ढाल टांगून आपापला विजयस्तंभ उभा केला आणि वाजतगाजत घर गाठलं.

मेगाराचा जो पडला, तो लिसिला नावाच्या म्हातारीचा एकुलता एक लेक अर्खिप्पस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भाच्याकडे गेली. हा भाचा, युक्लीस, नगराचा दूत होता.

"जा, माझं लेकरू मागून आण."

"मावशी, कसं मागू? जो आपल्या माणसाचं प्रेत शत्रूकडे मागतो तो हरला, हा रिवाज."

"मग हरलो म्हणा."

"जिंकल्याचा ठराव झालाय. देवाला बैल कापले, लोकांनी खाल्ले. आता ते परत कुठून आणू?"

"मग ते का मागत नाहीत त्यांचा?"

"तेही जिंकलेत ना."

लिसिलाचं टाळकं सरकलं. गाढव घेऊन ती तडक माळावर गेली. दोन्हीकडचे पहारेकरी आपापल्या विजयाची राखण करत सावलीला बसले होते. पलीकडून कोरिंथची एक म्हातारी गाढव घेऊन आली होती.

लिसिलाने लेकाचे पाय धरताच मेगाराचाच पहारेकरी उठला. "आजी, ठेव खाली. आपला उचलायचा तर आधी मागावा लागतो."

"आणि त्यांचा?"

"त्यांचा म्हणजे लूट. लूट काय कुणी विचारून नेतं?"

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"याचं नाव काय?" कोरिंथची बाई म्हणाली.

"अर्खिप्पस. तुझ्याचं?"

"तिमांथस."

मग प्रत्येकीने दुसरीचा लेक आपल्या गाढवावर घातला, आणि दोघी आपापल्या वाटेने निघाल्या.

मेगारात लिसिलाचा सत्कार झाला. एवढी लूट एकटीने आणणारी बाई नगराने पाहिली नव्हती. भाषणं ऐकून घरी आल्यावर ती तिमांथसला न्हाऊ घालायला बसली. त्याच्या गुडघ्यावर जुना व्रण होता, लहानपणी कुठेतरी धडपडला असणार. तिथे तिचा हात थांबला आणि तिला रडू फुटलं. अर्खिप्पसचा डावा खांदा दुखरा आहे, तिथे हलक्या हाताने चोळ, एवढं त्या बाईला सांगायचं राहून गेलं होतं.