हिम्मतरावांचं हार्ट

"हार्टच सांगायचं," पोह्यांवर खोबरं भुरभुरत पार्वतीबाईंनी दिराला बजावलं.

"हौ वहिनी. दहा वर्षं तेच सांगतोय," उत्तमराव म्हणाले.

पार्वतीबाईंचे यजमान हिम्मतराव रेल्वेच्या स्लीपरांचं लाकूड तपासायला शिमोग्याच्या जंगलात गेले, तिथं गोचीड चावली, ताप मेंदूत गेला आणि ते गेले. पण गुरांना चिकटणाऱ्या किड्यानं रेल्वेचा इन्स्पेक्टर जावा, हे हैदराबादच्या काचीगुड्यात शोभलं नसतं. हार्ट अ‍ॅटॅक घरंदाज. तो साहेबलोकांना यायचा.

त्यांच्या मुलीला, अमृताला बघायला तारनाक्याहून केशवराव सपत्नीक आले. मुलगा आदर्श कॉम्प्युटरवाला, अमेरिकेला निघालेला.

"पत्रिका आम्ही मानत नाही," जनुकांच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले केशवराव म्हणाले. पार्वतीबाईंना हायसं वाटलं. "वडील कशानं गेले?"

"हार्ट," उत्तमराव म्हणाले. "बेचाळिसाव्या वर्षी."

केशवरावांनी बशी खाली ठेवली. "हे आनुवंशिक असतं."

"हार्ट नव्हतं हो!" पार्वतीबाईंच्या तोंडून निघून गेलं. "गोचीड चावली होती. बरोबरच्यांनाही एखाददुसरी चावली. ते तापले नि उठले. हे तेवढे..."

केशवराव खुलले. विषय त्यांचा निघाला होता. "तेच तर! गोचिडीतून येणारा विषाणू एकच, पण काहींच्या रक्तातच उणीव असते, त्यांच्या मेंदूपर्यंत तो पोचतो. म्हणजे हेही आनुवंशिकच."

"पण हैदराबादेत कुठं आल्या गोचिडी?" उत्तमरावांनी खिंड लढवली.

"अमेरिकेत आहेत," केशवराव म्हणाले. "मुलीचं रक्त तपासून घेऊ."

"घेऊ की, काका," अमृता म्हणाली. "आदर्शचंही सोबतच देऊ."

"मुलाचं कशाला?" केशवरावांच्या पत्नीनं विचारलं. केशवरावांमधला शास्त्रज्ञ घड्याळ बघू लागला. "कळवतो," म्हणून मंडळी उठली. पोहे मात्र संपवून उठली.

संध्याकाळी शेजारच्या मीनाताई डोकावल्या. "कुठं अडलं? भाऊजींच्या हार्टवरनं?"

पार्वतीबाई ट्रंकेत काहीतरी शोधत होत्या.

"हार्ट ठणठणीत होतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "जंगलात कामावर होते. गोचीड चावली."

मीनाताई हसल्या नाहीत. इतकी वर्षं धाक होता तो याच हसण्याचा.

भिंतीवरच्या फ्रेममधला कोटटायवाला फोटो काढून पार्वतीबाईंनी ट्रंकेतला बसवला. त्यात हिम्मतराव ओंडक्यावर बसून हसत होते. सोबतच्या सगळ्यांच्या पँटी गोचिडी चढू नयेत म्हणून मोज्यांत खोचलेल्या होत्या. त्यांची तेवढी कडक इस्त्रीची, पार्वतीबाईंनीच केलेली, बुटांवर सरळ उतरली होती.